परत ठेवा

चार कवितासंग्रह आत्याच्या टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेले होते. परत आले तर त्यांतला एक तिच्या हातात होता आणि कानामागे पेन्सिल. धुळ्यात ३१ वर्षं मराठी शिकवून ती निवृत्त झाली, त्यालाही आता बरीच वर्षं लोटली. पण पुस्तक उघडलं की पेन्सिल शोधायची सवय सुटलेली नाही. 'कवितारती' १९८५ साली निघालं, तेव्हापासूनची ती वर्गणीदार. फक्त कवितेला वाहिलेलं नियतकालिक आपल्या धुळ्यातून निघतं, याचा तिला घरच्या माणसासारखा अभिमान.

हे चार संग्रह एका रविवार पुरवणीनं माझ्याकडे परीक्षणासाठी पाठवले होते. चारही कवी चाळिशीच्या आतले. चौघांना मिळून आठशे शब्द.

"म्हणजे एकेकाला दोनशे," आत्या म्हणाली. "त्यात पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत. मग कवितेला उरलं काय? त्यापेक्षा साभार पोच बरी. पुस्तक मिळालं, आभार. त्यात निदान वाचल्याचा आव नसतो."

"जागाच तेवढी देतात गं. पुरवणीत कवितेला जागा मिळते, हेच हल्ली पुष्कळ आहे."

"जागेचं नंतर बघू. तुझं आधीचं लिहिलेलं मी जपून ठेवलंय, ते आधी बघ."

तिनं कपाटातून फाइल आणली. माझी परीक्षणं कात्रून, वर तारखा घालून, एकाखाली एक लावलेली. मला भरून आलं. मग पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. जिथं जिथं 'आश्वासक' होतं तिथं तिथं खाली रेघ. 'दाहक वास्तव'खाली रेघ. 'समकालाचा उद्गार', 'अस्वस्थ करणारी कविता', 'संवेदनशील मनाचा हुंकार', सगळ्यांखाली.

"नऊ लेखांत सात कवी आश्वासक आहेत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तपासलेली वही परत देताना ती मुलांशी जशी बोलत असेल, तशीच बोलली. "यातलं एकाचं वाक्य उचलून दुसऱ्याला लावलं तर कुणाला कळणारही नाही. खुद्द कवीलासुद्धा नाही. मग तू काय वाचलंस, ते मी कुठून ओळखू?"

मी माझी बाजू मांडली, आणि ती आजही मला खोटी वाटत नाही. कवितेचं पुस्तक निघतं पाचशे प्रतींचं. पुष्कळदा कवीच पदरचे पैसे घालतो, निम्म्या प्रती स्वतःच पोस्टानं पाठवतो. पहिला संग्रह घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दोन चांगले शब्द सांगितले तर तो दुसरा संग्रह लिहितो. त्याच्या पुस्तकावर फटकारे ओढण्यात काय मोठं शौर्य?

"फटकारे ओढ असं मी म्हटलंच नाही. तू त्याला चांगलं म्हण, वाईट म्हण; पण त्याचंच आहे असं काहीतरी म्हण. अत्र्यांनी 'झेंडूची फुले' काढली १९२५ साली, रविकिरण मंडळातल्या कवींची एवढी चेष्टा केली. पण विडंबन करायलासुद्धा मूळ कविता पाठ लागते. वृत्त, लकब, शब्दांची खोड, सगळं हातात यावं लागतं. त्या चेष्टेमागे वाचन होतं. तुझ्या या कौतुकामागे मला ते दिसत नाही, आणि ते असणार हे मला माहीत आहे, म्हणून वाईट वाटतं."

चहा झाला. तोवर तिनं दुसरा संग्रह उघडला होता, आणि आमचं खरं भांडण तिथून सुरू झालं. तिचं म्हणणं असं की आजची कविता वाचकाला धरायला दांडाच देत नाही. छंद नाही, यमक नाही, एक ओळ चार शब्दांची तर पुढची सतरा शब्दांची. "कविता कानातून आत जाते. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना अर्धी तरी ओळ ओठांवर यायला हवी. यातलं काय येणार?"

"मर्ढेकर येतात?"

"येतात. आणि मर्ढेकरांचं नाव काढून तू माझाच मुद्दा सांगतेस. 'काही कविता' १९४७ ची. दुर्बोध म्हणाले, अश्लील म्हणून खटला भरला. पण त्या माणसानं यंत्रयुगातली सगळी घुसमट ओवीत आणि अभंगात बसवली. आशय परका होता, चाल घरची होती. वाचकाचा एक पाय तरी ओळखीच्या जमिनीवर होता."

"एक पाय जमिनीवर होता, तरीही किती वर्षं लागली आत्या? विजया राजाध्यक्षांनी मर्ढेकरांच्या कवितेवर दोन खंड लिहिले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९९३ साली. तोवर मर्ढेकरांना जाऊन ३७ वर्षं झाली होती. मधल्या सगळ्या काळात कुणीतरी त्या कविता पुन्हा पुन्हा वाचत होतं, वर्गात शिकवत होतं, एकेका शब्दावर भांडत होतं. तू वर्गात मर्ढेकर शिकवायला उभी राहिलीस तेव्हा वाट मळलेली होती, म्हणून तुला ती चाल घरची वाटली. पहिल्या वाचकांना ती तशी वाटली असती तर दुर्बोध म्हणून ओरड कशाला झाली असती? आजच्या कवितेची वाट अजून मळायची आहे. ती कुणी मळायची?"

तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली. पटलं की ती असं करते, तोंडानं कबूल करत नाही.

"बरं, छंदच नसलेली कविता घे," मी पुढे रेटलं. "'गोलपिठा', १९७२. नामदेव ढसाळांनी तुझी ओवीही ठेवली नाही आणि तुझी भाषाही. तो दांडा कुठला धरणार होतीस?"

"त्याला प्रस्तावना कुणाची आहे?"

"तेंडुलकरांची."

"मग त्यांनी काय केलं ते आठव. विजय तेंडुलकर म्हणजे कोणी बुजलेला वाचक नव्हे. त्यांनी न कळलेले शब्द ढसाळांना विचारले, त्यांच्याबरोबर गोलपिठ्याच्या वस्तीत फिरून आले, आणि आपल्याला काय कळलं नाही तेही छापून सांगितलं. माझ्यासारखीला धुळ्यात बसून 'गोलपिठा' वाचायचा धीर कुठून आला? त्या प्रस्तावनेतून आला. त्यांना कळत नाही तर मलाही न कळायची मुभा आहे, असं वाटलं. तुझ्या या नऊ लेखांत 'मला इथं कळलं नाही' असं वाक्य एकदाही नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षण लिहायला बसलं की न कळणं परवडत नाही, असं आपण मनाशी धरून बसतो. मग कळलेलं आणि न कळलेलं दोन्ही झाकेल असा शब्द शोधला जातो. 'आश्वासक' हा तसाच शब्द आहे. तो लिहिताना मी खोटं बोलत नव्हते, पण कुठं अडले ते लपवत होते, आणि वाचकाला नेमकं तेच हवं असतं. मी जिथं अडले तिथंच तोही अडणार आहे.

'भिजकी वही' मी पहिल्यांदा वाचली ती अशीच अडखळत. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ चा, त्यानंतर थेट पाव शतकानं ही वही आली. शब्द सगळे साधे, घरात बोलतो तसे. पण अपाला कोण, हायपेशिया कोण, नादेज्दा कोण, राबिया कोण? अलेक्झांड्रियातल्या विदुषीपासून व्हिएतनामच्या किमपर्यंत रडणाऱ्या, रडवलेल्या बायकांची ती रांग. मी एक वही केली, डावीकडे नावं आणि उजवीकडे जे सापडेल ते. हे आत्याला सांगितलं तर तिनं टेबलाच्या खणातून तिची वही काढून दाखवली. तीही तशीच. आम्ही दोघींनी एकच पुस्तक, दोन गावांत, वही घेऊन वाचलं होतं आणि इतक्या वर्षांत एकमेकींना सांगितलं नव्हतं.

तिथून बोलणं जरा निवळलं. दुर्बोध, दुर्बोध म्हणतो ते सगळं एका जातीचं नसतं, हे दोघींनाही मान्य झालं. 'गोलपिठा'त शब्द अडतो; तो विचारून घेता येतो. 'भिजकी वही'त संदर्भ अडतो. तो शोधून मिळतो. ग्रेस यांच्या कवितेत शब्दही ओळखीचा असतो, संदर्भही लागतो, पण एका प्रतिमेतून दुसरीत आपण कसे गेलो ते सांगता येत नाही. तिथं वाट पाहावी लागते, आणि काही वेळा ती कविता शेवटपर्यंत न उलगडताच आवडत राहते.

"आणि चौथी जात," आत्या म्हणाली, "जिथं कवीलाच कळलेलं नसतं. घाईनं लिहिलेलं, ओळी तोडून खाली खाली मांडलेलं. ही चौथी जात पहिल्या तिघींच्या आडोशाला उभी राहते. परीक्षण लिहिणाऱ्यानं ती वेगळी काढून दाखवायची, याचसाठी तर तो हवा."

"वेगळी काढायची कशी?"

"मोठ्यानं वाचायचं."

हे मला मान्य नव्हतं, आजही पूर्ण मान्य नाही. कान फसवतो. कविसंमेलनात गळा चांगला असला की फुसकी कविताही टाळ्या घेऊन जाते, हे आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलंय. उलट, काही कविता पानासाठीच असतात. दोन शब्दांमधली कोरी जागा मोठ्यानं कशी वाचणार? आत्या विंदा-बापट-पाडगावकरांना ऐकत वाढलेली. त्या तिघांनी गावोगाव कविता नेली, ऐकणारा तयार केला. पण त्याबरोबर कविता म्हणजे ऐकताक्षणी समजायचीच चीज, अशी आपली समजूतही पक्की करून टाकली. मी हे बोलले. तिला लागलं. ती म्हणाली, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळींपैकी काही त्या तिघांच्या आहेत, त्यांना मधे आणू नकोस.

मग मी आणखी कठोर बोलले. म्हटलं, "आजचा वाचक कवितेला घाबरतो ते आमच्या परीक्षणांमुळं नाही, तुमच्या रसग्रहणामुळं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. तीन परिच्छेद, आधीच ठरलेले. दहावीच्या मुलाला कविता भेटते ती गाइडातल्या उत्तरासकट. कुठली ओळ त्याला आवडली नाही, हे त्याला कुणी विचारत नाही. 'दाहक वास्तव' मी कुठं शिकले असेन?"

ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. "खरं आहे," म्हणाली. "मार्कांसाठी आम्ही ते करायला लावलं. एकदा एका मुलीनं लिहिलं होतं की ही कविता मला आवडत नाही, कारण यातल्या आईला एकही वाक्य बोलायला दिलेलं नाही. मी पाचातला दीड दिला. अजून आठवतं. पाच द्यायला हवे होते."

त्या मुलीचं वाक्य मला दिवसभर सुटलं नाही. त्यावरूनच आत्यानं २०१८ सालची आठवण काढली. दिनकर मनवरांची पाण्यावरची कविता मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात होती. आदिवासी मुलींच्या शरीराची उपमा देणाऱ्या एका ओळीवर आदिवासी संघटनांनी आक्षेप घेतला, आंदोलनं झाली, कवीनं दिलगिरी व्यक्त केली आणि विद्यापीठानं कविता काढून टाकली. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की कविता काढून टाकणं हे वर्गाचं नुकसान. तो आक्षेप आणि ती कविता दोन्ही वर्गात वाचता आली असती. आत्या म्हणाली, "तसं वर्गात वाचायला आधी बाहेर कुणीतरी तसं वाचायला लागतं. उपमा कुणाच्या शरीरावर उभी आहे, हे ज्यांचं शरीर होतं त्यांनी विचारलं. तोही परीक्षणातलाच प्रश्न होता की नाही? तो आधी लिहिणाऱ्यांना पडायला हवा होता. तुला पडला होता?"

नव्हता पडला.

नेमकं वाचायचं म्हणजे कसं, यावरून ती 'सत्यकथा' मासिकाच्या दिवसांबद्दल बोलू लागली. संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन. परत आलेल्या लेखनाबरोबर येणारी पत्रं, एका शब्दासाठी झालेला पत्रव्यवहार. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडलं तेव्हा तिला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. मी म्हटलं, त्याच सत्यकथेची १९६९ साली होळी झाली, राजा ढाले आणि लघुअनियतकालिकवाल्या तरुणांनी केली, कारण त्या नेमक्या वाचनाला काही आवाज ऐकूच येत नव्हते. "दोन्ही खरं," ती म्हणाली, आणि तो विषय तिथंच राहिला. जेवणाची वेळ झाली होती.

दुपारी तिनं तिसरा संग्रह माझ्या हातात दिला. "यातली एक वाच. मोठ्यानं. तुझं ते पानाचं आणि कोऱ्या जागेचं असू दे, माझ्यासाठी वाच."

मी अर्ध्या पानाची एक कविता निवडली. तिच्यावर दोनशेतले चाळीस शब्द लिहूनही झाले होते. रेशन दुकानात बाप मशीनवर अंगठा लावतो. ठसा उमटत नाही. शेतात राबून बोटाच्या रेषाच झिजल्यात. दुकानदार सांगतो, पुसून परत ठेवा. बाप धोतराला अंगठा पुसतो. मागे रांग आहे, मुलगा पाहतोय. कवितेत ते सांगणं तीनदा येतं. पहिल्यांदा पूर्ण वाक्य, दुसऱ्यांदा नुसतं 'परत ठेवा', आणि तिसऱ्यांदा, अगदी शेवटच्या ओळीत, एकटा शब्द: 'ठेवा'. माझ्या मसुद्यात होतं, 'व्यवस्थेच्या अमानुषतेचं दाहक चित्रण'.

मी वाचलं. आत्या म्हणाली, "परत." मी परत वाचलं. शेवटच्या शब्दापाशी तिनं हात वर केला.

"ठेवा," ती हळूच म्हणाली. "अगं, हा ठेवा तो ठेवा आहे."

मला एक क्षण कळलं नाही, मग अंगावर काटा आला. दुकानदाराचा हुकूम झिजत झिजत शेवटी एका नामावर येऊन थांबला होता. बापानं मशीनवर काय ठेवलं? बोट. आणि मुलासाठी काय ठेवलं? ते झिजलेलं बोट, तोच ठेवा. ओळ मधेच तोडून कवीनं क्रियापदाला नाम करून टाकलं होतं. छंद नाही म्हणून ज्याचा आत्यानं सकाळी उद्धार केला होता, त्या मुक्तछंदातच हे शक्य होतं. आणि जिला ते ऐकू आलं ती मुक्तछंदाची बाजू लढवणारी मी नव्हते.

"पण कवीला हे अभिप्रेत असेल कशावरून?" मीच विचारलं. "आपण तर घालत नाही ना त्यात?"

"बघ की. पुस्तक तुझ्या हातात आहे."

मी पानं उलटत मागे गेले. अकरा पानं आधी एक कविता होती, बापाच्या बँकेतल्या मुदत ठेवीवर. त्यात 'ठेव' हा शब्द दोनदा, एकदा पैशांसाठी आणि एकदा मुलाच्या डोक्यावर हात ठेवण्यासाठी. म्हणजे कवी त्या शब्दाशी आधीपासून खेळत होता, वाट पाहत होता. हे सापडल्यावर जे वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. हरवलेली किल्ली आपल्याच ओंजळीत निघावी तसं काहीसं. आत्या म्हणाली, गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेली तेव्हा तिचाही अंगठा तीन वेळा उमटला नव्हता. खडूनं नाही, वयानं. "तिथला मुलगा मला हेच म्हणत होता. पुसून परत ठेवा, आजी."

मी मसुद्यातले ते चाळीस शब्द खोडले. म्हटलं, या एकाच कवितेवर लिहीन, आठशे शब्द. पुरवणीला फोन केला. उरलेल्या तिघांचं काय, असा प्रश्न आला, आणि तो वाजवी होता. त्यांचीही पुस्तकं तितक्याच आशेनं आलेली होती. शेवटी या संग्रहाला पाचशे शब्द मिळाले, बाकीचे तीन पुढच्या महिन्यावर गेले. आत्याला हे पुरेसं वाटलं नाही. मला वाटलं.

"आणि हेही लिही," ती म्हणाली, "की ६४ कवितांत अशा नऊ आहेत. मी मोजल्या."

"पहिल्या संग्रहात नऊ म्हणजे खूप झाल्या गं."

"मग नऊ खूप झाल्या असं लिही. आणि उरलेल्यांतल्या निदान एकीचं सांग, ती का उभी राहिली नाही. पुढचं पुस्तक करताना त्याला तेच उपयोगी पडेल. नुसती शाबासकी पोस्टानं पण येते."

यावर आमचं एकमत झालं नाही. जी लांबलचक कविता तिला सैल वाटत होती, धरणात गेलेल्या गावाची, ती मला मुद्दाम सैल ठेवल्यासारखी वाटत होती. पाणी चढतं तशी ती पसरते. तिला हे मुळीच पटेना. पसरणं आणि सांडणं यात फरक असतो, म्हणाली. मी म्हटलं, तो फरक ओळीवर बोट ठेवून दाखव.

तिनं चष्मा पुसला, पेन्सिल परत कानामागे खोचली आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"पान ७१," ती म्हणाली. "पहिल्यापासून. सावकाश."